प्रत्येकाने आपापल्या जागी राहावं, यात वंशवाद कुठे आला? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युरोप-अमेरिकेतल्या आजच्या राजकीय लिखाणावर लिहिलं होतं. मुद्दा थोडक्यात असा होता की माणसाची जागा जन्मावरून ठरवायची हा जुना विचार तिकडे आता वंशाचं नाव न घेता संस्कृती, ओळख, परंपरा अशी नावं घेऊन फिरतोय आणि त्याला मोठमोठ्या तत्त्वज्ञांचा आधार दिला जातोय. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली, काही फार मनापासून लिहिलेली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण ज्यांच्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी निवडलीत.

ताई, माझा भाचा जर्मनीत मास्टर्स करतोय. तो सांगतो की तिकडचे काही लेखक म्हणतात कुठलाच वंश श्रेष्ठ नाही की कनिष्ठ नाही, फक्त प्रत्येक लोकांनी आपापल्या भूमीत आपली संस्कृती जपावी, मिसळामिसळ करू नये. तो मला विचारतो, मावशी यात वंशवाद कुठे आला, आपणही असंच म्हणतो की. मला उत्तर सुचलं नाही. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर सुचलं नाही यात नवल नाही, कारण हा युक्तिवाद बनवलाच अशा रीतीने आहे की ऐकणाऱ्याला त्यात वावगं काही सापडू नये. त्याचा उगम फ्रान्समधला. १९६२ ला अल्जीरिया हातातून गेला, फ्रान्सचं साम्राज्य संपलं आणि हिटलरनंतर कोणाला उघडपणे 'आमचा वंश वरचढ' म्हणायची सोय राहिली नव्हती. अशा वेळी १९६८ मध्ये अलां द बनुआ हा लेखक आणि त्याच्या साथीदारांनी ग्रेस नावाचा एक अभ्यासगट काढला. त्यांचं म्हणणं असं की निवडणुका नंतर, आधी लोकांची विचार करायची पद्धत बदला, आणि ही युक्ती त्यांनी घेतली ग्राम्शी या इटालियन कम्युनिस्टाकडून. वंशांची उतरंड त्यांनी सोडून दिली आणि 'वेगळेपणाचा हक्क' हा मुद्दा पुढे आणला. आम्हाला आफ्रिकेवर राज्य करायचं नाही, आफ्रिका आफ्रिकनांची, भारत भारतीयांचा आणि युरोप युरोपियनांचा. आपल्यासारख्या गुलामीतून बाहेर पडलेल्या देशातल्या मुलाला हे ऐकून बरं वाटतं, वर हे लोक भारताच्या परंपरेचं कौतुकही करतात, म्हणजे आणखीनच बरं.

पण मग विचारायचं की युरोपियन कोण. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून. त्यातल्या एखाद्या कामगाराची नात घ्या, कलोनमध्ये जन्मली, जर्मन शाळेत शिकली, तिला दुसरा देश माहितीच नाही, टॅक्स भरते, मतदान करते. या लेखकांच्या हिशोबात ती जर्मन आहे का? बहुतेकांच्या नाही. आता संस्कृती म्हणजे भाषा, कायदा, रीतभात असं असेल तर ते सगळं तिच्याकडे आहे, नाहीये तो फक्त जर्मन पणजोबा, आणि पणजोबा काही कोणाला बदलता येत नाही. म्हणजे नाव संस्कृतीचं आणि चाळणी रक्ताची. एत्येन बालिबार या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९८० च्या दशकातच याला वंशांशिवायचा वंशवाद म्हटलंय आणि मला अजून तरी त्याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

बरं, संस्कृती न मिसळता टिकते हेही खरं नाही. आपलं नाट्यसंगीत घ्या, पेटी युरोपातून आली, आणि गोविंदराव टेंब्यांची पेटी वगळून त्या काळच्या मराठी रंगभूमीचा इतिहास लिहून दाखवा कोणी. ते संगीत त्यामुळे कमी मराठी झालं असं म्हणायची कोणाची हिंमत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे आधीच तिथे राहतायत त्यांचं काय करायचं, हा प्रश्न आला की ही सभ्य भाषा संपते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॉट्सडॅमजवळच्या एका हॉटेलात बैठक झाली, तिथे ऑस्ट्रियाचा मार्टिन झेलनर 'रीमायग्रेशन' म्हणजे लोकांना परत पाठवायची योजना मांडायला होता, जानेवारी २०२४ मध्ये करेक्टिव्ह या शोधपत्रकारांच्या संस्थेने ते छापलं आणि त्यांच्या बातमीप्रमाणे त्यात जर्मन नागरिकत्व असलेल्यांचाही विचार होता. त्यानंतर लाखो जर्मन लोक रस्त्यावर उतरले हेही भाच्याला सांगा, म्हणजे तिकडचे सगळे असेच असं त्याला वाटायला नको. आणि रनो कामू या फ्रेंच लेखकाने २०११ मध्ये 'मूळ लोकांच्या जागी बाहेरचे आणून बसवले जातायत' असा जो सिद्धांत मांडला, त्याचंच नाव आपल्या जाहीरनाम्याला देऊन एका माणसाने १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांना मारलं. त्यात भारतीय नागरिकही होते. कामूने हिंसेचा निषेध केला, ते मान्य. पण शेजारच्या घरात जन्मलेलं मूल म्हणजे आपल्यावरचं आक्रमण असं एकदा शिकवलं की त्या शिकवणीचं पुढे काय होतं हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

भाच्यावर रागावू नका. त्याला एवढंच विचारा की या चित्रात तू स्वतः कुठे आहेस, उद्या तिथे नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली तर ती कोण. मला वाटतं तो विचार करेल.

मॅडम, मी एमए फिलॉसॉफीला आहे. नीत्शे, हायडेगर, कार्ल श्मिट ही नावं आजच्या उजव्या लिखाणात सारखी येतात. माझे मित्र म्हणतात हे तिघं नाझींचे, वाचूच नका. सर म्हणतात वाचल्याशिवाय तत्त्वज्ञान पूर्ण होत नाही. – एक विद्यार्थी, कोल्हापूर

सरांचं ऐका, पण मित्रांना गप्प बसवू नका. या तिघांना एका ओळीत उभं करणं मात्र चूक आहे, कारण तिघंही जर्मन असले तरी तिघांचं प्रकरण वेगवेगळं आहे.

नीत्शेचं सगळ्यात गुंतागुंतीचं. तो १८८९ च्या जानेवारीत मनाने कोसळला आणि १९०० मध्ये गेला, तेव्हा नाझी नावाची चीज जगात नव्हती. ज्यूद्वेष्ट्यांचा त्याला संताप होता, वाग्नर या संगीतकाराशी फाटलं त्यातलं एक कारण तेही, आणि स्वतःच्या बहिणीशी बिनसलं कारण तिने बर्नहार्ड फर्स्टर नावाच्या कट्टर ज्यूद्वेष्ट्याशी लग्न केलं आणि दोघं पॅराग्वेत 'शुद्ध' जर्मनांची वसाहत वसवायला निघाले. ती वसाहत फसली, नवऱ्याने आत्महत्या केली, बहीण परत आली आणि तिने आजारी भावाच्या वह्या ताब्यात घेतल्या, त्यातले तुकडे जुळवून पुस्तक काढलं, पुढे नाझींशी सलगी केली. १९३५ मध्ये ती गेली तेव्हा अंत्यविधीला खुद्द हिटलर हजर होता. त्यामुळे बहिणीचं पाप भावाच्या माथी मारू नये हे खरंच.

पण म्हणून नीत्शे निर्दोष, असंही म्हणता येत नाही, आणि हे आपल्याकडच्या वाचकाने तरी विसरू नये. १८८८ मध्ये त्याने मनुस्मृती एका फ्रेंच भाषांतरातून वाचली आणि तिच्यावर खूश झाला, माणसांची जन्मजात प्रतवारी लावणारी ही व्यवस्था त्याला ख्रिस्ती नीतीपेक्षा उदात्त वाटली. हे धागे आपल्याकडे कोणी पकडले तर बाबासाहेबांनी. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरचं त्यांचं जे लिखाण त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने छापलं त्यात त्यांनी मनू आणि नीत्शे समोरासमोर ठेवलेत, नीत्शेच्या पुस्तकातला झरतुष्ट्र हे मनूचंच नवं नाव आहे इथपर्यंत ते जातात. नीत्शेचे भक्त यावर वाद घालतील, घालू देत. पण कोल्हापुरात बसून नीत्शे वाचणाऱ्याने आंबेडकरांचं ते प्रकरण शेजारी उघडून ठेवलं नाही तर त्याचं वाचन अर्धंच राहील, माझं हे मत पक्कं आहे.

हायडेगरबद्दल शंकेला जागाच नाही. १९३३ च्या एप्रिलमध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर, १ मे ला नाझी पक्षाचा सभासद, वर्षभरात रेक्टरपद सोडलं पण सभासदत्व १९४५ पर्यंत. ज्या हुसेर्ल या तत्त्वज्ञाच्या हाताखाली घडला, ज्याला आपला मोठा ग्रंथ अर्पण केला, ते हुसेर्ल ज्यू कुटुंबातले, तर १९४१ च्या आवृत्तीत ती अर्पणपत्रिकाच गायब. २०१४ पासून त्याच्या खासगी टिपणांच्या 'काळ्या वह्या' छापून यायला लागल्या तेव्हा कळलं की ज्यूद्वेष त्याच्या तत्त्वज्ञानाच्या भाषेतच शिरला होता, 'बिनमुळाचे, हिशोबी' वगैरे. आणि तरी हाना आरेन्ट, मार्क्युज, लेविट हे त्याचे ज्यू विद्यार्थीच होते आणि त्याच्याकडून शिकलेलं वापरूनच त्यांनी आपापले वेगळे रस्ते काढले. त्यामुळे वाचा, पण हायडेगरसोबत आरेन्टही वाचा. आजच्या लिखाणात 'मातीशी नाळ', 'मुळं', 'आपलं विधिलिखित' असं काही भारदस्त आलं की थांबून बघा, कोणाला मुळं नाहीत असं तिथे सुचवलं जातंय.

श्मिट कायद्याचा माणूस. राजकारण म्हणजे शेवटी मित्र कोण आणि शत्रू कोण हे ठरवणं, हा त्याचा सिद्धांत. तोही १ मे १९३३ लाच पक्षात गेला, आणि १९३४ मध्ये हिटलरने स्वतःच्याच लोकांना विनाखटला मारलं तेव्हा नेताच कायद्याचा रक्षक आहे असा लेख लिहून त्याने त्याला तत्त्वाचा मुलामा दिला. त्याला आज डावेही वाचतात, कारण उदारमतवादाच्या कच्च्या जागा त्याने बरोबर हेरल्यात. पण ज्या लेखात शत्रू कोण हे आधी ठरतं आणि त्याने काय केलं हे नंतर शोधलं जातं, तो लेख श्मिटचं नाव न घेताही श्मिटचाच असतो.

लोकमान्य टिळकांचं आर्य उत्तर ध्रुवाकडून आले हे पुस्तक युरोपातल्या कट्टर गोऱ्या गटांच्या वाचनात आहे असं कळलं. आम्ही अभिमान बाळगायचा की लाज? – एक निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, दोन्ही नको, नीट समजून घेऊ. टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' या पुस्तकात नक्षत्रांवरून वेदांचा काळ मागे नेला आणि १९०३ च्या पुस्तकात दीर्घ उषा, सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र अशा वैदिक उल्लेखांवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात दाखवलं. बॉस्टन विद्यापीठाचे विल्यम वॉरन यांनी १८८५ मध्ये मानवजातीचा पाळणाच उत्तर ध्रुवावर असं मांडलं होतं, टिळकांनी त्यांचं ऋण मान्य केलंय. टिळकांची खटपट कशासाठी होती हे त्या काळात ठेवून बघायला हवं. इंग्रज म्हणत होते तुम्हाला इतिहास नाही, आणि तुरुंगवास भोगून आलेला हा माणूस सांगत होता की आमचा इतिहास तुमच्याहून जुना आहे. त्यात गोऱ्या कातडीची थोरवी सांगायचा हेतू नव्हता.

पण विचार एकदा छापला की तो कुठे जाईल हे लेखक ठरवत नाही. इटलीच्या जुलिओ एव्होला या लेखकाने, जो फॅसिस्टांनाही पुरेसे कडवे नाहीत म्हणायचा, १९३४ च्या त्याच्या मुख्य पुस्तकात टिळकांचा आधार घेतला, कारण उत्तरेतून उतरलेली, सूर्यपूजक, योद्ध्यांची श्रेष्ठ जमात ही त्याची कल्पना होती. त्याच्याकडून ते आजच्या लोकांपर्यंत आलं. वाईट वाटतं ते याचं की एका गुलाम देशातल्या माणसाने स्वाभिमानासाठी केलेलं काम अशांच्या हाती लागलं जे आपल्यातल्या बहुतेकांना दारात उभं करणार नाहीत.

सिद्धांत म्हणून तो आज टिकत नाही, भाषाशास्त्र आणि जनुकशास्त्र काळ्या समुद्राच्या नि कॅस्पियनच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशाकडे बोट दाखवतं. आणि मॅक्स म्युलर, ज्यांनी टिळकांच्या सुटकेसाठी खटपट केली, त्यांनी १८८८ मध्येच बजावलं होतं की आर्य ही भाषा आहे, तिच्यावरून आर्य रक्त, आर्य केस, आर्य डोळे बोलणं हे पापच. ऐकलं कोणी नाही.

पण मग महात्मा फुल्यांनीही आर्य-अनार्य हाच वंशाचा सिद्धांत वापरला ना? त्यांना सूट का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

सूट नाही, प्रश्न रास्त आहे. गुलामगिरी १८७३ ची, त्यात ब्राह्मण हे इराणकडून आलेले आक्रमक आणि शूद्रातिशूद्र इथले मूळचे अशी मांडणी आहे, म्हणजे साहेबाचाच सिद्धांत घेऊन त्याचं टोक उलट फिरवलेलं. इतिहास म्हणून ते आज मान्य करता येत नाही. पण ते पुस्तक अर्पण कोणाला केलंय बघा, निग्रो लोकांना गुलामगिरीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यातला माणूस अटलांटिकपलीकडच्या काळ्या गुलामाशी आपलं नातं सांगतो आणि ते नातं रक्ताचं नाही, जे भोगलं त्याचं आहे. आणि शेवटच्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी असं घर रंगवलंय जिथे एकाच कुटुंबात बायको बौद्ध ग्रंथ वाचते, नवरा बायबल, मुलगी कुराण आणि सगळे गोडीने राहतात. वंशशुद्धी मानणाऱ्या माणसाला असं घर सुचतच नाही.

दुरुस्ती बाबासाहेबांनी केली. १९३६ च्या जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या भाषणात ते विचारतात, पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचं नातं काय? पंजाबचा ब्राह्मण वंशाने पंजाबच्या चांभाराशी जुळतो. जात ही वेगवेगळ्या वंशांची विभागणी नाहीच, एकाच लोकांची केलेली विभागणी आहे. दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, शूद्रांवरच्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा सिद्धांत वेदांच्याच पुराव्याने नाकारला. मला यातलं सगळ्यात मोठं हे वाटतं की तो सिद्धांत ब्राह्मणांविरुद्ध वापरायला सोयीचा होता आणि तरी त्यांनी तो घेतला नाही. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिलं, दोन्ही लढ्यांत साम्य आहे म्हणून. आजच्या 'ओळख' वाल्या लेखकांपैकी, डावे असोत की उजवे, एवढा संयम किती जणांकडे आहे?

आता डीएनएने सगळं सिद्ध झालंय ना? मग वंश आहेत की नाहीत? – एक इंजिनिअर, डोंबिवली

डीएनएने स्थलांतरं सिद्ध होतात, वंशांची प्रतवारी नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिनने १९७२ मध्ये दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या जागेचा अभ्यास, ज्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे प्रमुख होते, सप्टेंबर २०१९ मध्ये आला, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा डीएनए, त्यात गवताळ प्रदेशाचा अंश नाही. त्याच वेळी दुसरा मोठा पेपर आला की तो अंश नंतर, इसवीसनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान इथे आला. दोन्ही पेपर एकमेकांना जोडून वाचायचे असतात, पण आपल्याकडे प्रत्येकाने आपल्या आवडीचा तेवढा उचलला.

यात एक नाव मात्र घेतलंच पाहिजे, इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या, मार्गदर्शक ऑयगेन फिशर, जो पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाला. कवट्यांच्या आकारातल्या असमानतेवरून गोऱ्यांची बुद्धी वरचढ असा त्याचा होरा होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की तसा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, एकटी बाई, समोर गुरू, आणि आकडे जे सांगतात तेच लिहिलं! पुढे महाराष्ट्रातही त्यांनी मोजमापांचं काम केलं आणि त्यावर आज टीका होते, ती व्हायलाही हवी, पण बर्लिनमधलं ते काम आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं असं मला फार वाटतं.

आम्ही इकडे २५ वर्षं आहोत. आमच्या मंडळात काही जण म्हणतात आपण आर्य, म्हणजे कॉकेशियनच, गोऱ्यांच्याच वंशाचे, आपलं आणि इथल्या काळ्यांचं काय नातं. काय सांगावं? – एक वाचक, न्यू जर्सी

त्यांना भगतसिंग थिंद यांची गोष्ट सांगा. पंजाबचा शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. त्या वेळी बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळायचं. त्याच्या बाजूने मांडलं गेलं की तो उच्चवर्णीय आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरा, आणि उच्चवर्णीय हिंदू लग्नाच्या बाबतीत भारतातल्या मूळ रहिवाशांकडे तसंच बघतो जसं अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, हेही कोर्टातल्या निवेदनात लिहिलं होतं. वाचताना मान खाली जाते. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की शास्त्र काही म्हणो, सामान्य गोरा माणूस तुम्हाला गोरा समजत नाही, संपलं. त्यानंतर ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित, स्वतः आधीच नागरिक झालेले, त्यांच्यावरही खटला झाला आणि ते तो लढून जिंकले, पण आर्य म्हणून नाही जिंकले, इतकी वर्षं नागरिक मानून आता फिरता येणार नाही या कायद्याच्या मुद्द्यावर जिंकले.

१९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला १०० भारतीय. आणि तुमच्या मंडळातले डॉक्टर, इंजिनिअर ज्या दाराने आत आले ते १९६५ चा स्थलांतराचा कायदा, जो काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीने बदलून टाकलेल्या हवेत पास झाला. काळ्यांचं आणि आपलं नातं काय असं विचारणाऱ्याने आपला व्हिसा कोणाच्या लढ्यामुळे शक्य झाला ते बघावं.

मग मराठीचा अभिमान हाही वंशवादच का? तुमच्या लेखावरून तसं वाटलं, मनाला लागलं. – एक वाचक, ठाणे

लागलं असेल तर मला ते नीट सांगायलाच हवं, कारण मीही मराठीतच जगते. नाही, दोन्ही एक नाहीत. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून अल्सेस-लॉरेन हा भाग घेतला, तिथले लोक भाषेने-रक्ताने जर्मन म्हणून, तेव्हा एर्न्स्त रनां या फ्रेंच विचारवंताने १८८२ च्या व्याख्यानात म्हटलं की त्या लोकांना विचारलंत का, राष्ट्र म्हणजे एकत्र राहायची रोजची संमती. रनांचे स्वतःचे सेमिटिक लोकांबद्दलचे विचार वाईट होते, पण ही कसोटी चांगली आहे. भाषा शिकता येते, वंश शिकता येत नाही. सोळाव्या शतकात गोव्यात आलेला इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स, 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' लिहितो आणि मराठीचा होतो. तो धर्मप्रसारासाठी आला होता हे माहितीये मला, तरी त्याची ओवी आपलीच. मराठीचं दार असं उघडं असेल तोवर तिचा अभिमान कितीही बाळगा, शाळा वाचवा, पाट्या लावा, भांडा. रिक्षावाल्याने मोडकं-तोडकं मराठी बोलल्यावरही त्याचं आडनाव विचारलं गेलं, त्याचं गाव विचारून हात उगारला गेला, तर ते भाषेचं प्रेम राहत नाही.

दार बंद झालं की कसं वाटतं हे आपल्याच माणसांनी सोसलंय. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणत, शेकडो वर्षं मराठी बोलत राहिले, मग ज्यूंचा देश झाला म्हणून इस्राएलला गेले, तर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशावळी तपासायचं फर्मान काढलं, तुम्ही शुद्ध ज्यू कशावरून म्हणून. त्यांनी आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये संसदेला ठराव करून ते पूर्ण ज्यू आहेत हे मान्य करावं लागलं. रक्तावर उभारलेलं राष्ट्र स्वतःच्या माणसांनाही पुरावे मागतं. आणि इतकं होऊन त्यातल्या कितीतरी घरांनी मराठी सोडली नाही, तिथे मराठी नियतकालिकही चाललं.

सुरुवात कुठून करू? फार जाड पुस्तकं नकोत. – एक वाचक, मडगाव

बाबासाहेबांचं १९३६ चं न झालेलं भाषण आधी, लाहोरच्या मंडळाने बोलावलं आणि मजकूर बघून सभाच रद्द केली, मग त्यांनी स्वखर्चाने छापलं. त्यानंतर रनांचं व्याख्यान, एका संध्याकाळी होतं. मग द बनुआ किंवा श्मिट थेट वाचा, त्यांच्यावर कोणी काय लिहिलं ते नको, पेन्सिल घेऊन बसा आणि 'आम्ही' आलं की शेजारी लिहा, कोण.